आठाच्या भागात न बसलेले सहा

नागपूरहून आलेला कागदांचा गठ्ठा बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीत इंद्रभान टिकारनं सोमवारी दुपारी दीड वाजता सोडला, आणि तीन वाजायच्या आत त्याच्या ध्यानात आलं, की आपल्या हातून सहा शेतं हरवली.

साल बहात्तर संपत आलं होतं. पाऊस मृगातच तोंड दाखवून गेला तो गेलाच. नवे पैसे येऊन पंधरा वर्षं झाली होती, पण पीक अजून आण्यांतच मोजलं जाई, आण्याच्या बारा पै. सोळा आणे म्हणजे भरघोस. सहाच्या खाली उतरलं की ते मंडळ, म्हणजे तो गावांचा गट, टंचाईत धरायचं. टंचाईत धरलं की तलाव खोदायचं, खडी फोडायचं काम निघायचं आणि गावात चुली पेटायच्या. नाही धरलं तर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन जिकडे काम असेल तिकडे.

ही आणेवारी दरसाल नजरेनं ठरे. चार पंच बांधावर उभे राहत, आणि पिकाकडे कमी, एकमेकांच्या तोंडाकडे जास्त बघून आकडा बोलत. त्या वर्षी नव्यानं आलेल्या कलेक्टर साहेबांनी हे मोडायचं ठरवलं. वादातल्या तेवीस मंडळांत चिठ्ठ्या टाकून शेतं काढली. प्रत्येक शेतात दोरीनं चौकोन आखला, त्यातली ज्वारी कापून, मळून, तोलून तिचे आणे केले. आणि हे सगळे आकडे नागपूरच्या एका कॉलेजातल्या खोलीभर मोठ्या गणनयंत्रात घालायचं ठरलं, म्हणजे माणसाचं तोंड बघायचा प्रश्नच नको.

यंत्राला कामं सांगायची भाषा शिकायला कचेरीतून एकच माणूस गेला. इंद्रभान. सव्वीस वर्षांचा, बी. एस्सी., अजून कायम न झालेला. तीन आठवडे तो नागपुरात राहिला, शेंगदाणे-मुरमुऱ्यावर दिवस काढले, आणि एका शेताला एक अशी भोकं पाडलेली कार्डं आणि वर स्वतः लिहिलेल्या हुकुमांची चाळीस कार्डं यंत्राला देऊन आला. साहेबांना मंडळाची एकच सरासरी नको होती. आठ-आठ शेतांचे भाग पाडून प्रत्येक भागाची वेगळी सरासरी हवी होती, म्हणजे कुठला भाग भलताच वर किंवा खाली जातो ते दिसेल. मग त्या सगळ्या भागांवरून मंडळाचा आकडा. त्यासाठी इंद्रभाननं जो हुकूम लिहिला होता तो एका ओळीचा होता: के बरोबर एन भागिले आठ. एन म्हणजे शेतं, के म्हणजे भाग. तेवढे भाग पाडायचे आणि थांबायचं.

पिंपळगाव राजा मंडळाच्या कागदावर पाच भाग होते. पाचांची सरासरी सहा आणे तीन पै. म्हणजे टंचाई नाही. इंद्रभाननं कागद बाजूला ठेवला आणि परत ओढला. पिंपळगाव राजाची शेतं सेहेचाळीस होती. मोजणीच्या वेळी दोरीचं एक टोक त्यानंच धरलं होतं. पाच आठे चाळीस.

त्यानं शेवटची सहा कार्डं काढली. मंडळाच्या टोकाची, बरडावरची. दोन आणे, दीड, अडीच, एक, दोन, दोन.

"काय बघायलात एवढं, टिकार?" समोरच्या टेबलावरून वामनरावांनी विचारलं. वामनराव देऊळगाव राजाचे, शाखेचे हेडक्लार्क, रिटायर व्हायला दोन वर्षं बाकी. सकाळपासून ते उद्याच्या बैठकीचं टिपण सुवाच्य अक्षरात उतरवत होते. उद्या अकराला साहेब तेवीस आकड्यांवर सही करणार आणि लिफाफा मुंबईला जाणार होता.

"वामनराव, यंत्रानं सहा शेतं धरलेच नाईत."

"यंत्र चुकलं?"

"यंत्र काय चुकते. मी चुकलो. आठानं भागलं, पाच आले, उरलेले सहा त्यानं सोडून देले. त्याच्या भाषेत पुरी संख्या भागली का पुरीच संख्या येते. बाकी कुठी गेली, विचारत नाई."

"अन् तुम्हाला हे तिथं दिसलं नाही?"

दिसलं होतं, हेच तर खरं दुखणं. नागपुरात तालमीच्या वेळी सेहेचाळीसचे पाच आले तेव्हा त्याला ते खटकलंच नव्हतं. इंद्रभानचा बाप तुळशीराम पिंपळगावात मापारी होता, लोकांच्या खळ्यावर राशी मोजायचा. पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं, मग दोन, तीन, असं ओरडत जायचं. आणि शेवटचं माप काठोकाठ भरलं नाही, तर तोंडानं त्याचा आकडा बोलायचाच नाही. ते बोलायचं नसतं. ते खळं झाडणारीच्या पदरात जायचं. इंद्रभाननं दहा सुग्या बापाच्या शेजारी बसून पोती शिवली होती. न भरलेलं माप मोजत नाहीत, हे त्याला उजळणीच्या आधी येत होतं. यंत्रानं पाच म्हटलं, त्याचा कान पाचावर समाधान पावला.

हे त्यानं वामनरावांना सांगितलं. ते हसले नाहीत. टिपणाचा कागद त्यांनी पालथा घातला.

"किती होतं सहा धरून?"

"तेच करून राह्यलो."

वामनरावांनी कागद ओढून स्वतःच केलं. पाच भागांचे सव्वासहा-सव्वासहा, सहाव्याचे एक आणा दहा पै. बेरजेला सहानं भागलं. "पाच आणे सहा पै. चांगलं खाली येतंय तुमचं पिंपळगाव."

"तसं नाई होत. तो भाग सहाच शेतायचा हाये, त्याले आठाच्या भागाएवढा मान कसा द्याल? सारे सेहेचाळीस एकात टाका लागते." बेरजेच्या यंत्राचं हँडल इंद्रभाननं फिरवलं. "पाच आणे आठ पै."

"सहाच्या खालीच ना शेवटी?"

"खालीच. पण आठ पै."

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. "आता ऐका. उद्या हे बोललात तर साहेब पहिली गोष्ट विचारतील, टिकार, तुमचं गाव कुठलं. काय सांगाल? पिंपळगाव राजा. यंत्र आणलं कशाला, तर माणसाचा हात लागू नये. अन् यंत्र लिहिणाराच म्हणतो, माझ्या गावचा आकडा चुकला, खाली घ्या. कायम व्हायचा तुमचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे. अन् माझी दोन वर्षं राहिलीत."

"मंग सांगू नोको म्हनता?"

"मी काहीच म्हणत नाही. मी हे ऐकलंच नाही अजून."

इंद्रभाननं बेरजेचं यंत्र पुन्हा पुढं ओढलं. चूक एका मंडळाची नव्हती, हुकुमाची होती. तेवीसही मंडळांत उरलेली शेतं त्यानं एकेक करून मिळवायला घेतली. पिंपळगाव सोडलं तर वीस मंडळांपर्यंत कुठेच काही हललं नाही, पै-दोन पै इकडे-तिकडे. एकविसाव्याला हँडलवरचा त्याचा हात थांबला.

अमडापूर मंडळ. शेतं बावन्न. यंत्रानं सहा भाग पाडले, अठ्ठेचाळीस धरली, सरासरी पाच आणे अकरा पै. टंचाईत. उरलेली चार होती नाल्याकाठच्या काळीतली. नऊ आणे, दहा, आठ, नऊ. ती धरली की बेरीज तीनशे वीस, भागिले बावन्न. सहा आणे दोन पै.

वामनराव मान लांब करून बघत होते. "तुमची सासुरवाडी त्याच मंडळात ना?"

"बोरखेडी."

"मग तर झालंच," ते म्हणाले, आणि टिपण पुन्हा उताणं करून लिहायला लागले. आकड्यांच्या जागा मात्र त्यांनी रिकाम्या सोडल्या.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. दारात अनोळखी वहाणा होत्या. पंजाबराव आला होता, बायकोचा थोरला भाऊ. पोटाला चिमटा घेऊन राहणारा, तीन एकरांचा धनी, बोरखेडीतल्या मजुरांचा न नेमलेला पुढारी.

"या पाहुणे," घर इंद्रभानचं असून तोच म्हणाला. "तुमच्या कचेरीतला शिपाई नागपुराहून गठ्ठा घेऊन येत होता, काल येष्टीत त्याची अन् आमची गाठ पडली. अमडापूर बसलं म्हन्ते यादीत."

"शिपायाले काय समजते."

"त्याले समजो का ना समजो, गावात मी सांगून आलो. पाझर तलावाचं काम निंघीन, दोनशे मानूस लागीन. चार घरं सुरतेले जाऊन राह्यले होते, थांबवले म्या. म्हटलं, जवाई कचेरीत हाये, खरी खबर घेऊन येतो अन् मंग पाहा."

कोकिळा चहाची कपबशी घेऊन आली. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघून उंबऱ्यातच उभी राहिली.

"काऊन हो, तोंड काऊन उतरलं तुमचं?" तिनं विचारलं.

इंद्रभाननं सांगून टाकलं. आठाचे भाग, उरलेली शेतं, पिंपळगाव खाली जातं, अमडापूर वर जातं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. पंजाबरावची बशी ओठापर्यंत जाऊन थांबली.

"म्हंजे तुमचं गाव आत अन् आमचं बाह्यर," तो हळूच म्हणाला. "मोठं हुशार यंत्र हाये बावा."

"यंत्राचं नाई, दादा. चूक माही हाये."

"चूक तुमची हाये तं तुमच्याजवळच राहू द्या ना," कोकिळा म्हणाली. "पिंपळगावाचं सहा शेतायचं सांगा उद्या. तेवढंच सांगा. अमडापुराचं कोनं इचारलं तुमाले? कागदावर पाच आणे अकरा पै लिह्यलेलं हाये, राहू द्या तसंच. दोनी गावाच्या चुली पेटतीन. त्यात कोनाचं काय वाईट होते?"

तिचं म्हणणं इतकं सरळ होतं, की इंद्रभानला त्यातली खोट पटकन सापडेना. "एकाच हुकुमाची चूक हाये वं. एका मंडळात सुधरवली अन् दुसऱ्यात ठेवली, तं मंग ते चूक नाई राहत. ते लबाडी होते."

"मंग कोनतंच सांगू नोका."

"तं पिंपळगावाचे बरडावरचे लोकं काय खातीन?"

"अन् माह्या भावाच्या गावचे?"

पंजाबरावनं बशी खाली ठेवली. "जाऊ दे कोकिळे. पाहुण्याच्या नोकरीचा सवाल हाये." असं म्हणून तो मोठ्यानं हसला, आणि ते हसणं ऐकून कोकिळेनं पदर तोंडाला लावला. सकाळी इंद्रभान निघाला तेव्हा पंजाबराव ओसरीवर तंबाखू मळत होता. "मी एकच्या गाडीनं जाईन," तो म्हणाला. "येष्टी स्टँडवर असतो. काय झालं ते तुमच्याच तोंडानं सांगा मले. शिपायाच्या नोको."

बैठकीला टेबलाभोवती बारा माणसं होती, आणि इंद्रभान भिंतीशी गठ्ठा घेऊन उभा होता. वामनरावांनी टिपण वाचायला घेतलं. पहिल्याच मंडळाचा आकडा यायच्या जागी ते थांबले. खाकरले. "साहेब, आकड्यांबाबत टिकारांना काही सांगायचंय."

इंद्रभान बोलला. रात्रभर घोकलेली प्रमाण भाषा चौथ्या वाक्याला सुटली. "बाकी राह्यलेले शेतं माह्या हुकमात सुटून गेले, साहेब. तेवीसीच्या तेवीस मंडळात. एकवीस जागीच राहतात. दोन मंडळं रेघ वलांडतात."

"कोणती?"

"पिंपळगाव राजा खाली येते. अमडापूर वर जाते."

"तुमचं गाव कोणतं, टिकार?"

"पिंपळगाव राजा."

टेबलाच्या टोकाला कोणीतरी खुर्ची सरकवली. एक जाडसर आवाज पुटपुटला, "यंत्रालाही गाव असतं म्हणा की." दोघं-तिघं हसले. साहेब हसले नाहीत.

"आणि अमडापूर मंडळात तुमचं कोणी?"

"सासुरवाडी हाये."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांनी हात पुढे केला. "अमडापूरची कार्डं द्या. आणि यादी." त्यांनी शिसपेन्सिल घेतली आणि बारा माणसांसमोर बावन्न आकड्यांची बेरीज करायला बसले. पंखा बंद होता. पेन्सिलीचा आवाज येत होता. मध्येच त्यांचं कुठेतरी चुकलं, त्यांनी रेघ मारली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बेरीज बरोबर येऊ दे असं म्हणावं, की चुकू दे म्हणावं, हेच इंद्रभानला कळत नव्हतं.

"तीनशे वीस," साहेब म्हणाले. मग पिंपळगावची बेरीज केली. "दोनशे एकसष्ट. पाच आणे आठ पै. इथं कोणीतरी बाजूला पाच आणे सहा पै लिहून खोडलंय."

"ते मी लिहिलं होतं, साहेब," वामनराव म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "टिकारांनी ते चूक ठरवलं. त्यांच्या गावाला तेच सोयीचं होतं, तरी."

साहेबांनी वामनरावांकडे थोडा वेळ बघितलं. मग दोन्ही आकडे शाईनं घातले. "टिकार, लेखी खुलासा द्या. असली चूक करणारा माणूस मी या वर्षी कायम करू शकत नाही. हुकूम दुरुस्त करून ठेवा." आणि पुढचं पान उलटलं.

हुकूम दुरुस्त करणं सोपं होतं. भागायच्या आधी शेतांत सात मिळवायचे, म्हणजे उरलेल्यांचाही एक भाग होतो. बैठकीच्या बाहेरच उभ्यानं त्यानं ते कागदावर लिहिलं, गठ्ठा काखेत मारला आणि स्टँडकडे निघाला.

पंजाबराव बाकड्यावर बसला होता. इंद्रभाननं नाही अशी मान हलवली, तेवढंच.

"हं," पंजाबराव म्हणाला. "ते चार शेतं कोनाचे व्हते?"

इंद्रभाननं यादी उघडून गट नंबर वाचले.

"तीन तं अर्जुनरावाचे. नाल्यावर इंजिन हाये त्याचं. चवथं त्याच्या साडूचं." पंजाबराव बोटांवर मोजत होता. "त्याच्या ज्वारीनं आमचं पोट भरलं म्हना. बरं, आमच्या बोरखेडीचे किती व्हते त्या बावन्नात?"

"नऊ."

"त्यायचं किती भरलं?"

इंद्रभान कागद चाळायला लागला, आणि चाळता चाळता थांबला. ते कागदावर नव्हतंच. बोरखेडीची पाच शेतं तिसऱ्या भागात होती, चार चौथ्या भागात, आणि दोन्हीकडे शेजारच्या गावांची शेतं त्यांच्यात मिसळलेली. आठावर कापताना त्यानं गाव मधोमध कापलं होतं. मधल्या गावातल्या दुष्काळाला बाजूच्या गावांची ज्वारी झाकून होती. त्यानं बाकड्यावरच कार्डं पसरली, नऊ वेगळी काढली आणि बेरीज केली.

"छत्तीस. चार आणे पुरे."

"चार," पंजाबराव म्हणाला. "अन् आमी बाह्यर." गाडी लागली होती. तो उठला, पिशवी घेतली आणि मागं न बघता चढला. खिडकीत बसल्यावरही त्यानं बाहेर बघितलं नाही.

इंद्रभान कचेरीत आला तो सरळ साहेबांच्या खोलीशी जाऊन उभा राहिला. साडेपाचला आत बोलावणं आलं. खुलासा ठेवून तो म्हणाला, आठाचे भाग मुळातच पाडायला नको होते. यादी कापायची तर गावावर कापली पाहिजे. एका भागात पाच येवोत, नाही तर तेरा. कार्डावर गावाचा नंबर आहेच. तो बदलला, की नवा भाग.

"लिफाफा गेला, टिकार."

"दुसरा धाडता येते, साहेब. मी रजा टाकून जातो."

साहेबांनी रजेवर सही केली. बाकी काही कबूल केलं नाही.

मलकापूरहून रात्रीच्या गाडीनं तो नागपूरला गेला. चिंतामण नावाचा यंत्र चालवणारा पोरगेला माणूस होता, त्यानं तिसऱ्या दिवशी पाऊण तासाची सवड काढून दिली. कार्डं खटाखटा आत गेली, आणि लांबलचक कागद बाहेर यायला लागला, एका ओळीवर एक गाव. इंद्रभान गुडघ्यावर बसून तो वाचत होता. बोरखेडी, शेतं नऊ, चार आणे शून्य पै. तो तिथं थांबला नाही. कागद पुढे सरकत राहिला. पिंपळगाव राजा मंडळ लागलं. बरडाची दोन गावं दोन आण्यांच्या आत-बाहेर. आणि खुद्द पिंपळगाव, शेतं अकरा, सात आणे एक पै.

"काय झालं?" चिंतामणनं विचारलं. "पुन्हा चुकलं का?"

"नाई. या खेपी बरोबर हाये."

कागद जसाच्या तसा त्यानं साहेबांपुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मंडळाऐवजी गावं धरायला मुंबईची परवानगी यायला माघ उजाडला. बोरखेडीचा पाझर तलाव सुरू झाला. सुरतेला जाऊ घातलेल्या चार घरांपैकी दोन तोवर गेली होती. मंडळ टंचाईत बसल्यानं पिंपळगावच्या रस्त्यावर निघालेलं खडीचं काम त्याच हप्त्यात थांबलं. सात आण्यांच्या गावाला काम कसलं.

बापाला, तुळशीरामला, दोन एकर जमीन आणि मापाचा धंदा. त्या साली मोजायला राशी नावालाच होत्या; महिनाभर तो खडीवर होता. काम थांबलं तेव्हा त्यानं बुलढाण्याला लेकाकडे निरोप धाडला नाही. फाल्गुनात कोकिळा माहेरी जाऊन आली आणि भाकरी थापता थापता, पाठमोरीच, म्हणाली, "मामंजी बोरखेडीले हायेत. दादाच्या घरी राहून तलावावर माती वाहून राह्यले. व्याह्याच्या दारात जेवा लागते म्हनून आधी उपाशी झोपत. आता जेवतात."

"माह्यासाठी काई बोलले?"

"बोलले. म्हने, त्याले सांग, गावाचा आकडा बरोबर हाये. पिंपळगावात ज्वारी झाली ना. आपल्या नाई, पण झाली."

इंद्रभाननं ताट पुढं ओढलं. कायम व्हायला त्याला अजून तीन वर्षं लागली.